चार सिलिंडर, एक मूठ

यवतमाळ जिल्ह्यात जपानी मोटरसायकल आली ती शंभर सीसीची. १९८०च्या दशकात केंद्र सरकारनं भारतीय दुचाकी कंपन्यांना परदेशी भागीदार घ्यायची मुभा दिली, पण ती मुख्यतः शंभर सीसीपर्यंतच्या इंजिनांसाठी. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच चारही मोठी जपानी नावं आपल्याकडच्या टाक्यांवर दिसू लागली. सुझुकीची एएक्स १००, हिरोबरोबर होंडानं आणलेली सीडी १००, एस्कॉर्ट्सच्या कारखान्यातली यामाहा आरएक्स १०० आणि पुण्याच्या बजाज ऑटोबरोबर कावासाकीची केबी १००. कापसाचे चुकारे हाती आले की घरात गाडीचा विषय निघायचा. मास्तर आणि ग्रामसेवक सीडी १००कडे वळले, कारण ती लिटरमागे अंतर जास्त द्यायची. कॉलेजातली पोरं आरएक्स १००वर जीव टाकायची, कारण तिचा पिकअप. आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ एवढीच बनली, तरी पुसदच्या, वणीच्या, दारव्ह्याच्या बाजारात ती आजही भेटते.

शंभर सीसीच्या वर जपानी म्हणावी अशी एकच गाडी तेव्हा आपल्याकडे होती. एस्कॉर्ट्सनं १९८३ ते १९८९ या काळात बनवलेली राजदूत ३५०. यामाहाच्या आरडी ३५०चीच ही भारतीय आवृत्ती. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. तिचा वेग लोकांना परवडायचा, पेट्रोल परवडायचं नाही. ती बंद झाली आणि मोठं जपानी इंजिन आपल्या रस्त्यांवरून बरीच वर्षं नाहीसं झालं.

पण ज्या इंजिनानं या चार कंपन्यांचं नाव जगभर झालं, ते यातलं एकही नव्हतं. ते इंजिन होतं चार सिलिंडरचं, चाकांना आडवं बसवलेलं, हवेनं थंड होणारं, चार कार्ब्युरेटरचं. हे प्रकरण त्या इंजिनाचं आहे. अशी जुनी गाडी यवतमाळसारख्या ठिकाणी ठेवायची आणि चालवायची म्हटली तर काय काय माहीत असावं लागतं, हेही यात येईल. माझं मत आधीच सांगतो: त्यासाठी लागणारं बरंचसं ज्ञान आपल्या गावातल्या गॅरेजांमध्ये पूर्वीपासून आहे. ते वेगवेगळ्या माणसांच्या हातात विखुरलेलं आहे, एवढंच.

होंडानं आयल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध टीटी शर्यतीत पहिल्यांदा भाग घेतला १९५९ साली. १९६१मध्ये तिनं १२५ आणि २५० सीसी या दोन्ही गटांतलं जागतिक विजेतेपद मिळवलं. २५० सीसीची शर्यतीची गाडी चार सिलिंडरची होती. म्हणजे एकेक सिलिंडर जेमतेम साठ-बासष्ट सीसीचं. छोटे पिस्टन वजनाला हलके, म्हणून इंजिन फार जोरात फिरू शकायचं, आणि जोरात फिरणाऱ्या इंजिनातून ताकद जास्त निघते. शर्यतीत शिकलेली ही गोष्ट सामान्य माणसाच्या गाडीत आणायची, असं होंडानं ठरवलं. ऑक्टोबर १९६८च्या टोकियो मोटर शोमध्ये सीबी ७५० लोकांसमोर आली आणि १९६९मध्ये तिची विक्री सुरू झाली.

चार सिलिंडरची मोटरसायकल ही काही होंडाची कल्पना नव्हती. बेल्जियमच्या एफएननं १९०५मध्येच तशी गाडी विकली होती. इटलीच्या एमव्ही अगुस्ताची चार सिलिंडरची ६०० सीसीची गाडी १९६५पासून होती, पण तिची किंमत ऐकून गिऱ्हाईक मागे फिरायचं. होंडानं किंमत ठेवली अमेरिकेत १,४९५ डॉलर. त्या किमतीत ७३६ सीसी, ६७ अश्वशक्ती, बटणावर सुरू होणारं इंजिन, पाच गिअर, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आणि दोन्ही बाजूंनी दोन-दोन असे चार चमकदार सायलेन्सर. त्या काळातल्या मोठ्या इंग्लिश गाड्या किक मारून सुरू व्हायच्या आणि त्यांच्याखाली तेलाचा डाग पडलेला असायचा. अशी गाडी फार खपणार नाही, असा होंडाचाच अंदाज होता. म्हणून सुरुवातीच्या सात हजारांवर गाड्यांच्या इंजिनांचे क्रँककेस कमी खर्चाच्या साच्यांत ओतले गेले. मागणी वाढली तेव्हा डाय-कास्टिंगचे महागडे साचे करावे लागले. ‘सँडकास्ट’ या चुकीच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या पहिल्या गाड्यांना आज जगभरातले संग्राहक सगळ्यात जास्त किंमत मोजतात. मार्च १९७०मध्ये डिक मान या अमेरिकन स्वारानं याच इंजिनाच्या शर्यतीच्या गाडीवर डेटोनाची २०० मैलांची शर्यत जिंकली.

इकडे कावासाकीत ७५० सीसीच्याच चार सिलिंडर गाडीचं काम चाललं होतं. त्या प्रकल्पाचं गुप्त नाव ‘न्यूयॉर्क स्टेक’. होंडा आधी आली म्हणून त्यांनी काम थांबवलं, इंजिन वाढवून ९०३ सीसीचं केलं, वर दोन कॅमशाफ्ट बसवल्या आणि १९७२मध्ये झेड वन आणली. तिची ताकद ८२ अश्वशक्ती. सुझुकीची जीएस ७५० आली १९७६मध्ये आणि यामाहाची अकराशे सीसीची एक्सएस १९७८मध्ये. मधल्या काळात होंडानं ५००, ३५० आणि ४०० सीसीच्याही चार सिलिंडर गाड्या काढल्या. अशी गाडी पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी मोठ्या ७५०पेक्षा ४००-५००चं इंजिन सुचवेन. त्यात शिकायचं सगळं तेवढंच आहे आणि स्टँडवर चढवताना कंबर धरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चार सिलिंडरच कशाला?

फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरमध्ये स्फोट होतो तो क्रँकच्या दर दोन फेऱ्यांमागे एकदा. एकाच सिलिंडरची बुलेट मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर चालली असेल तर सेकंदाला २५ स्फोट होतात. प्रत्येक स्फोट मोठा असतो, मागच्या सीटवरच्या माणसाच्या पाठीला तो जाणवतो. आरएक्स १०० टू-स्ट्रोक आहे, तिथं दर फेरीला स्फोट होतो. ६,००० फेऱ्यांवर सेकंदाला शंभर. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक अर्ध्या फेरीला कुठल्या ना कुठल्या सिलिंडरमध्ये स्फोट होतोच. ६,००० फेऱ्यांवर सेकंदाला २०० आणि सीबी ७५० जिथं सगळी ताकद देते त्या ८,००० फेऱ्यांवर सुमारे २६७. एवढ्या वेगानं आलेले धक्के वेगळे जाणवतच नाहीत, त्यांचा एक सलग ओढा होतो. त्या गाडीच्या आवाजाला चढता सूर असतो तोही यामुळेच. एक सिलिंडरच्या गाडीचा सायलेन्सर कापून किंवा बदलून काही पोरं हा आवाज काढायला जातात. आवाज मोठा होतो, सूर मात्र चढत नाही, कारण सूर ठरतो सेकंदाला किती स्फोट होतात त्यावर, आणि ते सायलेन्सरच्या हातात नसतं.

दुसरं कारण थरथरीचं. पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. या थांबण्या-निघण्याचा धक्का सगळ्या गाडीला बसतो. चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन एकत्र वर जातात तेव्हा दुसरा आणि तिसरा एकत्र खाली येतात. दोन जोड्यांचे धक्के एकमेकांना खोडून काढतात. पूर्ण खोडून काढत नाहीत, कारण कनेक्टिंग रॉड तिरका होतो आणि त्यामुळे पिस्टन वरच्या अर्ध्या टप्प्यात खालच्या अर्ध्यापेक्षा जरा वेगानं जातो. त्या फरकातून क्रँकच्या एका फेरीत दोनदा येणारी बारीक थरथर उरते. ठरावीक फेऱ्यांवर ती मुठीत आणि पायदानावर जाणवते, आरशातलं चित्र धूसर होतं. आणखी पाचशे फेऱ्या वर किंवा खाली गेलं की नाहीशी होते. लांबच्या प्रवासात हात बधिर होत असतील तर वेग जरा बदलून बघावा, इंजिन उघडायला जाऊ नये.

हे इंजिन आपल्याकडे आलं नाही याला पैशाइतकंच धोरण कारणीभूत होतं. मोठ्या परदेशी गाड्यांवर आयातीची बंधनं होती, शुल्क जबर होतं. जी थोडी जुनी यंत्रं देशात आली ती बहुतेक परदेशातून परतणाऱ्यांच्या सामानातून किंवा वकिलातीतल्या माणसांकडून, आणि ती मोठ्या शहरांतच राहिली. चार सिलिंडरचा आवाज तालुक्याच्या गावापर्यंत आला तो सिनेमातून. २००४मध्ये ‘धूम’ लागला आणि हायाबुसा हे नाव शाळकरी पोरांच्या तोंडी बसलं. खरी गाडी कायदेशीर वाटेनं यायला आणखी तीन वर्षं लागली, आणि त्या वाटेत आंबा आहे. २००७मध्ये अमेरिकेनं भारतीय आंब्याला पुन्हा दार उघडलं आणि त्याच वाटाघाटींत भारतानं ८०० सीसीवरच्या, युरो ३ निकषांत बसणाऱ्या मोटरसायकलींची आयात सोपी केली. अमेरिकेला हार्ली-डेव्हिडसन विकायची होती, पण त्या दारानं जपानीही आत आले. २००७ संपायच्या आत यामाहाची आर वन आणि २००८मध्ये सुझुकीची हायाबुसा भारतात विक्रीला आली. दोन्ही चार सिलिंडरच्या. पण ती पाण्यानं थंड होणारी, संगणकावर चालणारी नवी पिढी. तिचं काम बिघडलं तर कंपनीच्या यंत्राला जोडून बघावं लागतं. या प्रकरणात आपण जिच्याबद्दल बोलतोय ती गाडी पान्यानं आणि कानानं दुरुस्त होते.

अशी गाडी विकत घ्यायची असेल तर सगळ्यात आधी कागद बघायचा, इंजिन नंतर. होंडा सीबी ७५०च्या चेसिसवरचा क्रमांक ‘सीबी७५०’नं सुरू होतो आणि इंजिनावरचा ‘सीबी७५०ई’नं. दोन्ही क्रमांक कारखान्यातूनच वेगवेगळे निघालेत, तेव्हा ते जुळत नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही. पण दोन्ही क्रमांक आरसी बुकातल्या नोंदीशी अक्षरन्‌अक्षर जुळले पाहिजेत. ठोकलेले आकडे वाकडेतिकडे दिसले, आजूबाजूचा धातू घासलेला दिसला, तर गाडी कितीही देखणी असो, पैसे खिशातच ठेवावेत.

पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या वाहनांसाठी जुलै २०२१मध्ये केंद्रानं वेगळा नियम केला. अशा वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. आपल्याकडे तो ‘एमएच व्हीए’नं सुरू होईल, यवतमाळचा नेहमीचा ‘एमएच २९’ तिथं नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतरच्या नोंदणीला ५,००० रुपये. आधीपासून नोंदणी असलेल्या वाहनाला जुना क्रमांक ठेवता येतो. या नोंदणीवरची गाडी रोज बाजारात नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. चालवायचीच असेल तर साध्या नोंदणीची गाडी शोधावी. तिथं पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, आणि आयात केलेल्या जुन्या दुचाकीला त्याचं शुल्क देशी दुचाकीच्या दसपट आहे. हा खर्च किमतीतच धरून चालावं.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन गार असताना जा आणि आधीच सुरू करून ठेवू नका असं मालकाला सांगा. सेल्फ मारल्यावर अर्ध्या मिनिटानं चारही पाइपांवर, सिलिंडर हेडजवळ, पाण्याचा एकेक थेंब टाका. तीन पाइपांवर थेंब चुरचुरला आणि चौथ्यावर तसाच ओघळला, तर ते सिलिंडर चालत नाहीये. तीन सिलिंडरवरही गाडी सुरू राहते, फेरफटका मारून येते, आणि नवख्या माणसाला काही कळत नाही. जळत नसलेल्या सिलिंडरचं कारण दोनशे रुपयांचा प्लग असू शकतं किंवा फुल इंजिन काम. दोन्ही शक्यता धरूनच बोली करावी.

आता देखभाल. चार सिलिंडर म्हणजे चार पट काम, हे खरं आहे. चार प्लग, चार कार्ब्युरेटर, आठ टॅपेट. पण त्यातलं प्रत्येक काम आपल्या मिस्त्र्यांनी हजारदा केलंय. बुलेटवाल्या मिस्त्र्याला टॅपेट आणि पॉइंट माहीत आहेत. आरएक्सवाल्याला जेट, फ्लोटची पातळी आणि सुईची खाच माहीत आहे, नुसत्या आवाजावरून मिश्रण जाड आहे की पातळ हे तो सांगतो. नवीन काम एकच आहे. चार कार्ब्युरेटर एकाच मुठीला जोडलेले असतात आणि मूठ फिरवली की चौघांनी सारखीच हवा घेतली पाहिजे. एकानं जास्त घेतली, दुसऱ्यानं कमी, तर बैलजोडीतला एक बैल ओढतोय आणि दुसरा नुसता चालतोय अशी गत होते. गाडी पुढे जाते, पण जू वाकडं राहतं. अशा गाडीचं आयडलिंग खडखडतं, पेट्रोल जास्त लागतं आणि खालच्या वेगात ती झटके देते.

हे जुळवायचं काम क्रमानं करावं लागतं. आधी टॅपेट. इंजिन रात्रभर गार झालेलं हवं. सीबी ७५०ला इनटेकचं अंतर ०.०५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टचं ०.०८. फीलर गेजची पाती आत जाताना किंचित अडकली पाहिजे. मग टायमिंग. पॉइंटचे दोन संच असतात, एक पहिल्या-चौथ्या सिलिंडरचा, दुसरा दुसऱ्या-तिसऱ्याचा. आणि ही दोन्ही कामं झाल्यावरच कार्ब्युरेटर. क्रम चुकला तर टॅपेटचा दोष कार्ब्युरेटर फिरवून झाकला जातो आणि पुढचे सहा महिने गाडी कधीच धड चालत नाही.

कार्ब्युरेटर जुळवण्याचं काम बघण्यासारखं असतं. टाकी काढावी लागते, म्हणून पेट्रोल येतं छताच्या हुकाला टांगलेल्या सलाइनच्या बाटलीतून. गाडी मेन स्टँडवर, समोर कूलर पूर्ण वेगात, कारण हवेनं थंड होणारं इंजिन उभ्या गाडीत लगेच तापतं आणि मधली दोन सिलिंडरं आधी तापतात. प्रत्येक इनटेकच्या तोंडाशी एक बारीक स्क्रू असतो, तो काढून तिथं रबरी नळी लावायची. चार नळ्या चार गेजांना. इंजिन सुरू झालं की चार काटे थरथरू लागतात, प्रत्येक वेगळ्या आकड्यावर. कार्ब्युरेटरमधला जुळवणीचा स्क्रू पाव फेरी फिरवला की एक काटा सरकतो आणि शेजारचाही जरा हलतो. जरा रेस द्यायची, सोडायची, पुन्हा बघायचं. चारही काटे एका रेषेत आले की त्याच क्षणी आवाज बदलतो. खडखड बंद होते. गेज न बघणाऱ्यालाही ते कळतं.

चार काट्यांचा संच मिळाला नाही तरी काम अडत नाही. गवंडी पातळी काढायला जी पारदर्शक नळी वापरतो तिचा पाच-सहा मीटरचा तुकडा घ्या, मध्ये थोडं इंजिन ऑइल भरा, भिंतीवर इंग्रजी ‘यू’सारखा टांगा आणि दोन टोकं दोन इनटेकला जोडा. जे सिलिंडर जास्त ओढतं त्याच्याकडचं तेल वर चढतं. आधी पहिलं-दुसरं जुळवायचं, मग तिसरं-चौथं, शेवटी दोन जोड्या एकमेकींशी. नळी आखूड ठेवू नका, नाहीतर तेल इंजिनात ओढलं जाईल. इंजिन सुरू करताच हाताशी बटण असू द्या, तेल चढू लागलं की लगेच बंद करायचं. हे काम यवतमाळातलं कुठलंही गॅरेज करू शकतं. त्यासाठी मुंबई-पुण्याला गाडी पाठवायची काही गरज नाही.

एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे अनेक जुनी जपानी इंजिनं विद्रूप झालीत. त्यांच्यावरचे फुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फुलीच्या पेचकसासाठी नाहीत. ते जपानी मापाचे, जेआयएस पद्धतीचे, त्यांची खाच वेगळ्या आकाराची. साधा पेचकस त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर उचलला जातो आणि खाच गोल करून टाकतो. मग छिन्नी आणि हातोडी. अनेक जपानी स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, ती ओळख. जेआयएस पेचकस ऑनलाइन मागवता येतो, किंमतही फार नाही. गाडी घेण्याआधी तो घ्यावा.

यवतमाळच्या हवेत या इंजिनाचे तीन शत्रू आहेत. पहिला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी शहरातून रांगत जाणं या इंजिनाला मानवत नाही. तेल पातळ होतं, गुडघ्यांना भट्टी लागते. पहाटे निघावं, सिग्नलवर जास्त थांबायचं असेल तर बंद करावं. उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० ग्रेडचं तेल घालावं. दुसरा शत्रू धूळ. रब्बीनंतर काळ्या जमिनीची धूळ पिठासारखी बारीक होते, वणीकडच्या रस्त्यांवर त्यात कोळसाही मिसळतो. एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरात बघावा. कापूस हंगामात एक आपली खास गोष्ट. जिनिंगच्या बाजूनं आणि उघड्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून जाताना रुई उडत असते. तेलकट इंजिनाच्या पंखांमध्ये ती चिकटते आणि वर धूळ बसते. मधल्या सिलिंडरांचे पंख असे बुजले की हवा आत जात नाही. बारीक ब्रशनं ते साफ करणं हे इथलं हिवाळ्याचं काम आहे.

तिसरा शत्रू पेट्रोल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. १९७०च्या दशकातले रबरी सील आणि नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. काही फुगतात, काही कडक होतात. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या तळाशी पाणी आणि चिकट थर साचतो, आणि अर्ध्या मिलिमीटरहून बारीक छिद्राचा पायलट जेट बुजतो. चार जेट, चारही बुजतात. तेव्हा गाडी उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करायचा, चारही फ्लोट बाउलचे स्क्रू ढिले करून पेट्रोल काढून टाकायचं. दहा मिनिटांचं काम, पण न केलं तर पोळ्यानंतरचा अख्खा आठवडा कार्ब्युरेटर उघडण्यात जातो. रबराचे सुटे भाग इथेनॉल चालणारे, नवेच घ्यावेत. होंडाचे जुने भाग इंग्लंडमधल्या डेव्हिड सिल्व्हर स्पेअर्ससारख्या दुकानांत मिळतात, टपाल आणि आयातशुल्क वेगळं. टायरचं मात्र सोपं आहे. सीबी ७५०च्या पुढच्या टायरचं माप ३.२५-१९, म्हणजे बुलेटवाल्यांना ओळखीचं. फक्त टायरवरचं वेगाचं अक्षर बघून घ्या. ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत, ‘एस’ १८०, ‘एच’ २१०. गाडीच्या ताकदीला ‘एच’ हवा.

एवढं सगळं जमलं की चालवणं उरतं. नागपूर-तुळजापूर महामार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा आपला जिल्हा तिरका कापत जातो, आणि या गाडीसाठी जिल्ह्यात याहून चांगला रस्ता नाही. पाचव्या गिअरमध्ये ताशी शंभरच्या आसपास इंजिन जेमतेम ४,००० फेऱ्यांवर असतं, अर्धी ताकद अजून हातात. आर्णीच्या पुढे चढ लागले तरी गिअर बदलावा लागत नाही, मूठ जरा वळवली की पुरतं. ट्रकला ओलांडताना या इंजिनाचं मोल कळतं. आरएक्सवर आपण आधी गिअर पाडतो, आवाज वाढतो, मग वेग येतो. इथं वेग आधीच आलेला असतो.

पण ही गाडी पेट्रोलशिवायच २१८ किलोंची आहे आणि तिला पुढे एकच डिस्क ब्रेक आहे, तोही पन्नास वर्षांपूर्वीच्या समजुतीचा. पावसात तो पहिल्या क्षणी पकडतच नाही, पॅडवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत गाडी तशीच पुढे जाते. आपल्या रस्त्यांवर रोही आणि रानडुकरं पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात, नेमक्या त्याच वेळेला ज्या वेळी गार हवेसाठी आपण निघालेलो असतो. एक रोही रस्ता ओलांडताना दिसला तर मागून आणखी येणार हे गृहीत धरून वेग उतरवावा, हॉर्नवर विसंबू नये. दिवा लावून गावातून रांगत जाताना बॅटरीकडेही लक्ष हवं. या गाड्यांचा अल्टरनेटर कमी फेऱ्यांवर पुरेशी वीज बनवत नाही, आणि तासभर रखडल्यानंतर सेल्फ नुसता कण्हतो. किक असते, ती कशी मारायची हे घरीच शिकून घ्यावं.

उमरखेडला चहासाठी थांबाल तेव्हा पैनगंगेच्या पुलाकडे निघण्याआधी चेन बघा. मधोमध बोटानं वरखाली हलवा, दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर तिथंच ताणून घ्या. सुरुवातीच्या सीबी ७५०ची चेन तिच्या ताकदीच्या मानानं कमजोर होती. ती तुटली की गोळा होऊन पुढच्या स्प्रॉकेटपाशी अडकायची आणि इंजिनाच्या कव्हरला भगदाड पाडायची. नव्या, जाड, सीलबंद रिंगच्या चेननं तो धोका बराच कमी केलाय, पण ढिली चेन कुठलीही असो, ती उडी मारते. चेन ताणायचे पाने आणि चेनचा स्प्रे सीटखाली कायम असू द्या, आणि स्प्रे मारायचा तो गाडी थांबल्याबरोबर, चेन गरम असताना, कारण तेव्हाच तेल आत उतरतं.